काळी पट्टी आणि चार अभाव



आजचा विषय ऐकायला अगदी तांत्रिक वाटेल. जुन्या चित्रपटांच्या ज्या प्रती टीव्हीसाठी आणि व्हीएचएससाठी काढल्या गेल्या, त्या आता रुंद पडद्याच्या डीव्हीडीवर कशा आणायच्या? आणताना चित्राच्या रुंदीचं उंचीशी असलेलं प्रमाण, ज्याला ॲस्पेक्ट रेशो म्हणतात, ते कसं राखायचं? हे काम करणाऱ्या दुकानातल्या पोराला विचारलं तर तो म्हणेल, "सर, दोन बटणांचं काम आहे." बटणं दोनच आहेत, हे खरं. पण त्यातलं कुठलं दाबायचं हे ठरवायला 'नसणं' म्हणजे काय, ते आधी कळावं लागतं. आणि नसण्याचा विचार आपल्या न्याय-वैशेषिकांनी फार बारकाईनं केला आहे. म्हणून आम्ही आज त्यांना मदतीला बोलावणार आहोत.

कणादांच्या परंपरेत मूळ पदार्थ सहा. पुढच्या आचार्यांनी त्यात सातवा घातला, तो अभाव. म्हणजे 'नसणं' हीसुद्धा जगातली एक वस्तुस्थिती आहे आणि तिचं ज्ञान होतं. त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे जमिनीवर घट नाही. आपण तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यातली माणसं, तेव्हा घटाचं उदाहरण आपल्याला परकं वाटू नये. घट घडायच्या आधी मातीत घट नसतो, तो प्रागभाव. घट फुटल्यावर नसतो, तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग कधीच नव्हता आणि नसेल, तो अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. चारही ठिकाणी आपण 'नाही' हा एकच शब्द वापरतो, पण गोष्टी चार आहेत. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की जुन्या चित्रपटांची जी मोडतोड चालते, ती हे चार 'नाही' एकच समजल्यामुळे चालते.

आता थोडा हिशेब. तो समजल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत जाईल.

मूकपटांची चौकट १.३३ ला १ होती, म्हणजे ४:३. बोलपट आले तेव्हा फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी बसवावी लागली. तिनं चित्राची जागा खाल्ली. मग १९३२ साली हॉलिवूडच्या अकादमीनं १.३७ हे प्रमाण पक्कं केलं. आपला पहिला मराठी बोलपट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा', त्याच १९३२ सालचा. पुढे दूरदर्शन संच आला, त्यानं सिनेमाचीच ४:३ चौकट उचलली. टीव्हीमुळे थिएटरं ओस पडू लागली तेव्हा हॉलिवूडनं १९५३ मध्ये सिनेमास्कोप आणला. पडदा आडवा पसरला, प्रमाण २.५५ आणि नंतर २.३५ झालं. आपल्याकडे गुरुदत्तचा 'कागज़ के फूल' हा १९५९ सालचा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट. शेवटी टीव्हीनंही कूस बदलली आणि तो १६:९ झाला, म्हणजे १.७८. गंमत बघा, हा १६:९ आकार कुठल्या दिग्दर्शकाच्या हट्टातून आलेला नाही. जुने अरुंद आणि नवे रुंद चित्रपट दोन्ही कसेबसे मावावेत, म्हणून काढलेला तो मधला तोडगा आहे. तोडगा म्हटला की दोन्हीकडे थोडी जागा रिकामी राहणारच. प्रभातचा बोलपट दाखवला तर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या, सिनेमास्कोप दाखवला तर वर-खाली.

इथूनच भांडण सुरू होतं. आपण बत्तीस इंची टीव्हीचे पैसे मोजलेत, मग पडदा रिकामा का? प्रेक्षकाची ही तक्रार अगदी स्वाभाविक आहे. ती मिटवायचे तीन मार्ग आहेत. चित्र ताणा, चित्र कापा, किंवा हल्ली नवा निघालाय तो म्हणजे चित्र रचून भरा. तिन्हींना 'वाइडस्क्रीन केलं' असंच म्हणतात.

आधी ताणणं घेऊ. ४:३ चित्र ओढून १६:९ मध्ये बसवलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो. 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस, ज्यांच्या कृश अंगावर सगळा चित्रपट उभा आहे, ते एकाएकी खात्यापित्या घरचे दिसू लागतात. उलटही होतं. जत्रेच्या तंबूत ज्यांनी सिनेमे पाहिलेत त्यांना आठवेल, स्कोपची फिल्म लागली आणि ऑपरेटरनं स्कोपची लेन्स लावली नाही की पडद्यावरची मंडळी बांबूसारखी लांबोडकी दिसायची, आणि मागून आरडाओरडा व्हायचा. कारण स्कोपच्या फिल्मवर चित्र आडवं निम्मं दाबून छापलेलं असतं, ते प्रोजेक्टरच्या लेन्सनं पुन्हा उलगडायचं असतं. तंबूतल्या माणसाला ॲस्पेक्ट रेशो हा शब्द माहीत नव्हता, पण माणसाचं तोंड केवढं असतं हे माहीत होतं. आज घरच्या टीव्हीवर तीच चूक दिसते आणि आपण चहा पीत बघत बसतो.

तरी ताणण्यानं फारसं बिघडत नाही, असं आम्ही म्हणू. नैयायिक ज्याला अन्यथाख्याति म्हणतात, त्यातला हा प्रकार आहे. शिंपली होती, चांदी दिसली. वस्तू जागेवर आहे, दिसली वेगळी. रिमोटवरचं बटण दाबलं की भ्रम जातो आणि पागनीस पुन्हा कृश होतात. डीव्हीडीचं तंत्रही असंच आहे. तबकडीवर चित्राचे ठिपके तेवढेच असतात, शिवाय 'हे ४:३ म्हणून उघड' किंवा 'हे १६:९ म्हणून उघड' अशी एक खूण असते. खूण चुकली तर चित्र चुकीचं उघडतं, पण चित्राला काही झालेलं नसतं. भ्रम दुरुस्त होतो. नाश होत नाही.

कापणं मात्र नाश आहे. ४:३ चित्रानं १६:९ पडदा भरायचा तर वर-खालचा मिळून पाव भाग छाटावा लागतो. सिनेमास्कोप चित्रानं जुना ४:३ पडदा भरायचा तर आडव्या चित्रातला शंभरातला त्रेचाळीस भाग जातो. टीव्हीच्या जमान्यात स्कोप चित्रपटांचं हेच केलं जाई. चौकट कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवत नेत. आपल्या नळदुर्गाचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात बोरी नदीचं पाणी पाणीमहालावरून दोन धारांनी कोसळतं, नर आणि मादी. आता कुणी फोटो असा कापला की एका वेळी एकच धार दिसेल. आधी नर दाखवला, मग सरकून मादी दाखवली. दोन्ही दाखवलं की नाही? दाखवलं. पण नर-मादी दाखवलं का? नाही. दोन्ही शेजारी आहेत, एकाच भिंतीवरून पडतात, हीच तर तिथली बघण्यासारखी गोष्ट. 'कागज़ के फूल'मध्ये व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्यानं रिकाम्या स्टुडिओत दोन माणसं एकमेकांपासून लांब उभी केली आणि मधे प्रकाशाचा झोत सोडला. त्या दोघांमधलं अंतर हेच तिथलं नाट्य आहे. चौकट आळीपाळीनं एकेकावर नेली तर दोन चेहरे मिळतील, अंतर मिळणार नाही.

उभ्या चौकटीचंही तसंच. 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याची चौकट आपण नीट पाहिली आहे का? आमच्या मते हा चित्रपट उभ्या रेषेवर रचलेला आहे. एका टोकाला जिजाई आहे, चूल, पोरं, रिकामी मडकी, म्हणजे जमीन. दुसऱ्या टोकाला तुकोबांचं आकाश. या दोन टोकांमधली ओढाताण हाच चित्रपट. शेवटी विमान वर चढतं आणि जिजाई जमिनीवर राहते. अशा चित्रपटाचा वरचा-खालचा पाव भाग कापला, तर कापणाऱ्याला निवड करावी लागते. आकाश टाकू की जमीन? काहीही टाकलं तरी तुकाराम उरतो, पण संसार आणि वैकुंठ यांच्यामधला तुकाराम उरत नाही. प्रभातच्याच 'शेजारी'त मिर्झा आणि जिवबा, गजानन जागीरदार आणि केशवराव दाते, बुद्धिबळाच्या पटापाशी बसतात. चेहरे वर, पट खाली, आणि पटावर दोघांचं सख्य मांडलेलं. खालून कातर चालवली तर दोन म्हातारे उरतील आणि खेळ जाईल.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. 'द सिम्प्सन्स' ही अमेरिकन व्यंगचित्रमालिका ४:३ मध्ये काढलेली. २०१९ मध्ये ती डिझ्नीच्या नव्या सेवेवर कापून १६:९ मध्ये आली. तीत बिअरच्या कारखान्यातला एक विनोद आहे. तीन वेगवेगळ्या नावांच्या बिअरच्या टाक्या, आणि वर बघावं तर तिन्हींना माल पुरवणारी नळी एकच. कापताना वरची नळी गेली. तीन टाक्या राहिल्या, विनोद गेला. प्रेक्षकांनी ओरड केली आणि पुढच्या वर्षी ४:३ चा पर्याय परत द्यावा लागला. तिथं मूळ चित्र शाबूत होतं म्हणून ते शक्य झालं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

आता अभावांकडे वळू. काळी पट्टी म्हणजे काय? प्रेक्षकाला वाटतं की तिथलं चित्र कुणीतरी खाल्लं. प्रत्यक्षात तिथं कधीच काही नव्हतं. पागनीसांच्या डाव्या-उजव्या बाजूच्या काळ्या पट्टीत चित्रपटाचा अत्यंताभाव आहे, वाऱ्यात रंगाचा असावा तसा. वहीला समास असतो, समासात लिहायचं राहून गेलं म्हणून कुणी रडत नाही. उलट कापून भरलेल्या पडद्यावर पाव भागाचा प्रध्वंसाभाव आहे. तो होता आणि नाहीसा केला. आणि इथं डोळा फसतो, कारण अत्यंताभाव काळा दिसतो आणि प्रध्वंसाभाव दिसतच नाही. काही न गमावलेलं चित्र अपुरं वाटतं, आणि पाव भाग गमावलेलं चित्र पडदाभर, झकास वाटतं. प्रध्वंसाभावाचं लक्षणच आचार्यांनी असं सांगितलंय, की त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला घट पुन्हा तोच घट होत नाही.

तिसरा मार्ग रचून भरण्याचा. हल्ली यंत्राला सांगता येतं, बाजूची रिकामी जागा शोभेल अशा चित्रानं भरून दे. ते भिंत लांबवतं, झाडाची फांदी पुढे काढतं. इथं अत्यंताभावाला प्रागभाव समजलं जातं. जणू देहूची ती भिंत पलीकडे होतीच, फक्त चित्रात यायची राहिली होती, आता आली. पण मातीत घट येणार असतो, कारण कुंभार असतो. दामले-फत्तेलालांच्या चौकटीबाहेर कुठलाच घट वाट पाहत नव्हता. यंत्रानं काढलेली भिंत सुंदरही असेल, पण ती त्या चित्रपटाची नव्हे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे जास्तीत जास्त चित्र दिसलं की तेच खरं, एवढाच नियम झाला. नाही, तसंही नाही. इथं 'शोले'चं उदाहरण फार उपयोगी आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला आलेला हा चित्रपट ७० एमएमचा म्हणून गाजला, पण चित्रण साध्या ३५ एमएम फिल्मवर झालं आणि नंतर ते मोठं करून २.२ च्या रुंद चौकटीत आणलं गेलं. छायाचित्रकार द्वारका दिवेचा यांनी कॅमेऱ्याच्या काचेवर रुंद चौकटीच्या सीमा आखून घेतल्या होत्या. म्हणजे निगेटिव्हवर वर-खाली बरंच चित्र होतं, पण ते दाखवायचं नव्हतं. १.३७ च्या फिल्ममधून २.२ ची चौकट काढली की उंचीतला एक तृतीयांशाहून जास्त भाग बाहेर राहतो. टीव्ही आणि व्हीएचएसच्या काळात आपण सगळ्यांनी 'शोले' चौकोनी पडद्यावरच पाहिला. निगेटिव्ह पूर्ण उघडून काढलेली प्रत समोर आली तर तिच्यात जास्त आभाळ आणि जास्त जमीन दिसेल. म्हणून ती जास्त खरी का? इथं चौथा अभाव कामाला येतो. घट म्हणजे पट नव्हे, आणि निगेटिव्ह म्हणजे चित्रपट नव्हे. फिल्मवर काय उमटलं हा एक प्रश्न, आणि काय दाखवायचं ठरलं होतं हा दुसरा. योग्य प्रमाण दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून ठरतं.

जून २०२५ मध्ये 'शोले'ची दुरुस्त केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्या शहराच्या महोत्सवात दाखवली गेली. ती २.२ च्याच प्रमाणात होती, आणि तिच्यात ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवटही परत आला होता. आणीबाणीत सेन्सॉरनं तो बदलायला लावला होता, हे आपल्याला पाठ आहे. त्यावर लेख झाले, चर्चा झाल्या. आमचा प्रश्न साधा आहे. सेन्सॉरनं पाच मिनिटं कापली तर आपण त्याला कापाकापी म्हणतो. चौकट बदलून चित्रपटातल्या प्रत्येक मिनिटाचा तिसरा-चौथा हिस्सा कापला तर त्याला 'फुल स्क्रीन' का म्हणतो?

बरं, मग व्यवहारात करायचं काय? डीव्हीडीचं गणित सांगतो, कंटाळू नका. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत एकाखाली एक ५७६ ओळी असतात. जुन्या प्रती काढताना रुंद चित्रपट ४:३ चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्यांसकट छापला जाई. मग २.३५ च्या चित्राच्या वाट्याला ५७६ पैकी साधारण ३२७ ओळी येत, बाकी काळं. अशी तबकडी आजच्या रुंद टीव्हीवर लावली की चारही बाजूंनी काळं आणि मधे टपालाच्या तिकिटाएवढं चित्र. ही रूपांतराची रास्त जागा. वर-खालच्या फक्त काळ्या भागातलं थोडं थोडं काढायचं, मधल्या ४३२ ओळी ठेवायच्या, त्या ५७६ वर पसरायच्या आणि १६:९ ची खूण द्यायची. चित्र पडद्याच्या दोन्ही कडांना टेकतं, वर-खाली बारीक काळी पट्टी राहते, प्रमाण अचूक राहतं. एक मात्र सांभाळायचं. पुष्कळ जुन्या प्रतींत संवादांची लिखित भाषांतरं खालच्या काळ्या पट्टीतच छापलेली असतात. पट्टी डोळे झाकून कापली की अक्षरं जातात.

आणि या रूपांतरानं मिळतं किती, याबद्दल भ्रम नको. ३२७ ओळींचं चित्र आता साधारण ४३६ ओळींत पसरलं, पण त्यातली माहिती ३२७ ओळींचीच राहिली. पिठात पाणी घालून भाकरी थापली तर भाकरी मोठी होते, पीठ वाढत नाही. आकार सुधारला, तपशील आला नाही. तपशील हवा असेल तर पुन्हा फिल्मकडेच जावं लागतं.

आणि मंडळी, फिल्म असेलच असं नाही. आम्ही ज्या मुद्द्याकडे परत येणार म्हणालो होतो, तो हा. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या भांडाराला आग लागली. नायट्रेटची फिल्म फार ज्वालाग्राही असते. अनेक जुन्या चित्रपटांची मूळ नायट्रेट रिळं त्यात जळाली, प्रभातचीही. ज्या चित्रपटाचं मूळ रीळ असं जातं, त्याच्यासाठी एखादी दुय्यम प्रतच मूळ होऊन बसते. कुणाच्या कपाटातली धुरकट, खरखरती, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का असलेली प्रतही शेवटची ठरू शकते. अशा प्रतीचा पाव भाग पडदा भरावा म्हणून कापायचा आणि जुनी कॅसेट भंगारात द्यायची, म्हणजे आगीतून वाचलेलं आपल्या हातानं चुलीत घालायचं. 'सिम्प्सन्स'ला परतीचा रस्ता होता. आपल्या पुष्कळ चित्रपटांना तो नाही.

म्हणून आमचा आग्रह दोन गोष्टींचा. पहिली, मूळ प्रत जशी आहे तशी, तिच्या काळ्या पट्ट्या आणि डागांसकट, आधी उतरवून ठेवायची. जी काही दुरुस्ती करायची ती दुसऱ्या प्रतीत. दुसरी, तबकडीच्या वेष्टनावर प्रमाण लिहायचं. हा चित्रपट कुठल्या चौकटीसाठी केला होता आणि इथं कुठल्या चौकटीत आहे, एवढ्या दोन आकड्यांत कापाकापी उघडी पडते. कुणी म्हणेल, म्हाताऱ्या डोळ्यांना छोटं चित्र दिसत नाही. आमचेही डोळे सत्तरी ओलांडलेले आहेत. घरी झूमचं बटण दाबायचा हक्क ज्याचा त्याला आहे, त्यात काही जात नाही. रिमोट तुमचा आहे. प्रत मात्र तुमच्या नातवंडांचीही आहे.

पुढच्या वेळी टीव्हीवर 'संत तुकाराम' लागला आणि दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसल्या, तर त्या बघून चिडू नका. कुणीतरी प्रामाणिकपणे काम केल्याची ती खूण आहे. आणि चित्र पडदाभर दिसलं, तर तुकोबांच्या डोक्यावर आभाळ शिल्लक आहे का, तेवढं पाहा.

इथंच थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.